येत नसल्याचा दाखला

माळशिंगीच्या परिवहन कार्यालयातून पाच आठवडे एकालाही शिकाऊ परवाना मिळाला नव्हता, आणि सहाव्या आठवड्याच्या सोमवारी मी तिथे अशा थाटात शिरले की जणू मला रिबन कापायलाच बोलावलंय.

माझी केस वेगळी होती ना! आमच्या गावात सोळा वर्षं पूर्ण झाली की पोरं शिकाऊ परवाना काढायला येतात, ती स्वतःच गाडी चालवत. गाडी कार्यालयासमोरच्या चिंचेखाली लावायची, केसांवरून हात फिरवायचा आणि आत जाऊन अर्ज द्यायचा की मला गाडी शिकण्याची परवानगी मिळावी. वर्षानुवर्षं कुणालाच यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. आता ठसा-खुर्ची आली आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

मी मात्र आयुष्यात एकदाही गाडी चालवली नव्हती. अंगणातसुद्धा नाही. कारण माझे पप्पा म्हणजे प्रल्हाद घोलप, 'घोलप मोटार ड्रायव्हिंग स्कूल'चे मालक, अर्ध्या तालुक्याचे घोलप सर. मी परवान्याशिवाय हँडलला हात लावला असता तर त्यांनी माझं जेवण अंगणात वाढलं असतं.

आणि परवाना मला हवाच होता. अकरावी सायन्सला माझा नंबर सातवडच्या कॉलेजला लागला होता. सातवड सतरा किलोमीटर. बस सकाळी सहाला जाते आणि संध्याकाळी सातला येते, मधे काहीही नाही. आपोआप चालणाऱ्या टॅक्सीचं म्हणाल, तर तशी एक आमच्याकडे आली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी एका म्हशीपुढे सव्वा तास 'कृपया मार्ग द्यावा' म्हणत उभी राहिली आणि कंपनीवाले तिला टेम्पोत घालून परत घेऊन गेले. तेव्हा पप्पांनी सरळ सांगितलं होतं, "पूर्वा, शुक्रवारपर्यंत शिकाऊ परवाना दाखव. मी गाडी घेऊन देतो, सातवडला ॲडमिशन घे. नाहीतर हडपसरला आत्याकडे राहून शिकायचं."

माझी आत्या साडेचारला उठते. घरातल्या सगळ्यांना उठवते. आणि कारल्याचा रस देते.

तर मी ठसा-खुर्चीत बसले. दाताच्या डॉक्टरांकडे असते तसलीच खुर्ची, समोर भिंतभर पडदा. निरीक्षक साळुंखे मॅडमनी माझ्या मनगटांना आणि पोटऱ्यांना पट्ट्या बांधल्या, डोक्यावर जाळीची टोपी चढवली.

"हात मांडीवर. काही करायचं नाही, नुसतं बघायचं," त्या म्हणाल्या. आवाज असा, की दिवसातून चाळीस वेळा हेच बोलतात.

"मॅडम, माझं लगेच होईल. मला खरंच येत नाही."

"सगळे हेच म्हणतात."

पडद्यावर रस्ता सुरू झाला. वळण आलं, ट्रॅक्टर आला, कुत्रं आडवं गेलं, एक आजोबा रस्त्याच्या मधोमध थांबून कुणाशी तरी फोनवर भांडू लागले. मी शांत बसले होते. अगदी दगड. पाच मिनिटांत यंत्राने कागद बाहेर टाकला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"अनुभव अंदाजे बारा वर्षं," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"तुझा."

"मॅडम, मी सोळा वर्षांची आहे!"

"म्हणजे चौथ्या वर्षापासून चालवतेयस," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर शिक्का मारायला हात उचलला. मग माझ्याकडे बघितलं आणि हात तसाच धरला. "घोलप सरांची ना तू? सरांना पाठव. बुधवारपर्यंत शिक्का थांबवते. त्यापुढे माझ्या हातात नाही. एक वर्ष बंदी."

यामागचं विज्ञान मी त्याच दुपारी वाचून काढलं, आणि खरं सांगते, माझ्यावरच उलटलं नसतं तर मी त्याच्या प्रेमात पडले असते. आपल्या डोक्यात मागे, मानेच्या वर, अनुमस्तिष्क नावाचा छोटा मेंदू असतो. सायकल, पोहणं, चपाती लाटणं, जे एकदा अंगात बसलं की जात नाही, त्याची बारीक नक्कल तिथे साठते. आता गंमत बघा. ते काम नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी ही नक्कल जागी होते आणि स्नायूंकडे संदेश धाडते. इतका क्षीण की बोट हलत नाही, पण खुर्चीच्या पट्टीला तो कळतो. पडद्यावर कुत्रं आडवं आलं की गाडी येणाऱ्याच्या बोटांत डोळा लवायच्या आत ब्रेकचा संदेश पोचलेला असतो. न येणाऱ्याचे फक्त डोळे मोठे होतात.

शिवाय प्रत्येकाची नक्कल हस्ताक्षरासारखी निराळी. कुणी आधी ब्रेक दाबतो मग बघतो, कुणी आधी हॉर्न मारतो आणि बघतच नाही. त्याला म्हणतात ठसा. शेजारी दुसरी खुर्ची असते. तिच्यात दुसरा माणूस बसवला की दोघांचे ठसे किती जुळतात, म्हणजे कोण कुणाकडून शिकलं, तेही यंत्र सांगतं. नवा नियम यावरच बेतलेला: ज्याला आधीच गाडी येते तो परवान्याशिवाय शिकला, त्याने एक वर्ष घरी बसावं.

पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, मला हवं ते सापडलं. ठसा हाताने चालवूनच उमटतो असं नाही. खूप जवळून, रोज, वर्षानुवर्षं बघितलं तरी उमटतो. घरातल्यांचं बोलणं ऐकून लहान मूल त्यांचाच हेल उचलतं ना, तसा. हाताने उमटलेला आणि डोळ्यांनी उमटलेला, यातला फरक मात्र यंत्राला कळत नाही. ज्या देशात ते बनलं तिथे लहान मुलांना मागच्या सीटला पट्ट्यांनी बांधून ठेवतात. त्यांना समोरच्या सीटची पाठ सोडून काही दिसतच नाही. आपल्याकडे मुलं स्कूटरवर पुढे, हँडल आणि सीटच्या मधे उभी राहून हवा खात जातात, हे त्या शास्त्रज्ञांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पुढे उभी राहून गेले आहे. चौथ्या वर्षापासून ते डोकं आरशाच्या वर जाईपर्यंत. नंतर मागे बसून, खांद्यावरून डोकावत. आणि कुणाच्या गाडीवर, ते मला चांगलं माहीत होतं.

पप्पांच्या नाही.

आईच्या.

इथे थोडं आईबद्दल सांगते. माझी आई, सुनेत्रा घोलप, आरोग्यसेविका आहे. वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळांना लशी देते. आणि घोलप सरांच्या बायकोला गाडी येत नाही, ही माळशिंगीतली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पप्पा प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी सांगतात, "घाबरू नका. मी चार हजार लोकांना शिकवलं. फक्त एकीपुढे हरलो, आणि तिच्याच हातचं जेवतो." पोरं हसतात. आईही ऐकते कधी कधी, चहाचा ट्रे घेऊन आलेली असली तर.

सगळ्यांचा समज असा, की आईच्या दवाखान्यातल्या आवळे मॅडम गाडी चालवतात आणि आई लशींचा डबा मांडीवर घेऊन मागे बसते. प्रत्यक्षात डबा आवळे मॅडमच्या मांडीवर असतो. मी चार वर्षांची असताना आईने मला पुढे उभं केलं आणि कानात सांगितलं होतं, "कुणी विचारलं तर आवळे मावशी चालवतात म्हणायचं. पप्पांना तर नक्की तसंच सांगायचं." बारा वर्षं मी ते सांभाळलं होतं. बारा वर्षं! मला वाढदिवसाचं सरप्राइज दोन तास सांभाळता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर कागद ठेवला.

तिने वाचला. मेथीची एक काडी तिने पानांसकट टाकून दिली.

"जुळवायला दुसरा माणूस लागतो?" तिने विचारलं.

"हो. पण पप्पा जाणारेत बुधवारी. त्यांना वाटतं त्यांचाच ठसा आहे. खूश आहेत ते. रक्तात आहे म्हणाले."

"आणि नाही जुळला तर?"

"तर आत्या."

आईने मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "मी दर वर्षी परवान्याचा अर्ज भरते, पूर्वा. त्या कार्यालयात शिपायापासून सगळे ह्यांना ओळखतात. 'सर, वहिनी आल्या होत्या,' असा फोन मी घरी पोचायच्या आत येईल. म्हणून भरते आणि फाडते."

"मी नाव नाही घेणार तुझं," मी म्हणाले. म्हणताना मला फार थोर वाटलं. दुसऱ्याच क्षणी तोंडात कारलं आलं.

मंगळवारी मी डिगाआप्पांकडे गेले. डिगाआप्पा म्हणजे कार्यालयाबाहेर छत्री लावून बसणारे एजंट. यंत्राने त्यांचा धंदा बसवला होता, पण ते हार मानणारे नव्हेत. छत्रीला नवी पाटी होती: 'गाडी विसरवून मिळेल. खात्रीशीर.' तिघे मुलगे त्यांच्यासमोर लाकडी पाटावर उलटे बसून, डोळ्यांना रुमाल बांधून, हवेत चुकीच्या हाताने ब्रेक दाबत होते.

"आप्पा, याने होतं?"

"बाळ, अजून कुणाचं झालं नाही," डिगाआप्पा प्रामाणिकपणे म्हणाले, "पण परवा एकजण सायकल विसरला. म्हणजे मार्ग बरोबर आहे."

मी परत आले.

बुधवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर मी. आईला दुपारी त्याच बाजूला लसीकरण होतं, म्हणून तीही आली. लशींचा निळा डबा खांद्याला, भिंतीशी बाकावर बसली. पप्पा दुसऱ्या खुर्चीत असे बसले की मला सिंहासन आठवलं.

"साळुंखे मॅडम, खरं म्हणजे गरज नव्हती. पोरगी माझ्या शेजारी बसून बघत मोठी झालीय. पण चला, शास्त्र म्हणतंय तर शास्त्र."

रस्ता सुरू झाला. ट्रॅक्टर, कुत्रं, फोनवरचे आजोबा. कागद आला.

"सहा टक्के," मॅडम म्हणाल्या.

"शहाण्णव ना? नीट बघा."

"सहा, सर. आणि जुळलेला भाग..." मॅडमनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हॉर्न."

मागे रांगेतून कुणीतरी फसकन हसलं. पप्पांचे कान लाल झाले. त्यांनी मशीन बिघडलंय का विचारलं, पट्ट्या बदलायला लावल्या, परत बसले. परत सहा.

"पूर्वा," मॅडम माझ्याकडे वळल्या, "मग कुणाकडून आलं हे? लहानपणापासून कुणाच्या गाडीवर जायचीस? नाव सांग. तो माणूस इथे बसला आणि जुळलं, तर तू फक्त बघितलंस असं धरायला मला काहीतरी आधार मिळेल. नाहीतर शिक्का."

सगळे माझ्याकडे बघत होते. पप्पाही. त्यांच्या डोळ्यांत एक वेगळाच प्रश्न होता, की ही दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला तर गेली नाही ना!

सातवडच्या कॉलेजची प्रयोगशाळा मी बघून आले होते. खिडकीतून नदी दिसते. मी ती प्रयोगशाळा डोळ्यांसमोरून एकदा नीट जाऊ दिली.

"कुणाच्याच नाही," मी म्हणाले. "मारा शिक्का."

मॅडमनी शिक्का उचलला.

"थांबा," बाकावरून आवाज आला. आईने डबा खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि पप्पांसमोर येऊन उभी राहिली. "अहो, उठा जरा. मला बसायचंय."

"तू? अगं, इथे ज्याला गाडी येते त्याने..."

"म्हणूनच म्हणते, उठा."

पप्पा उठले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना वाक्य अर्धं सोडताना पाहिलं.

पट्ट्या बांधून झाल्या. रस्ता सुरू झाला. मी पडद्याकडे नाही, आईकडे बघत होते. ती खुर्चीत टेकून बसली होती, तोंडावर तोच भाव जो गाडीवर असतो, डोंगरवाडीच्या घाटात, समोरून उसाचा ट्रक येत असताना. म्हणजे काहीच भाव नाही.

"एक्क्याण्णव टक्के," मॅडम म्हणाल्या.

रांगेतली पोरं माना उंचावून बघायला लागली.

"किती वर्षं?" पप्पांनी विचारलं.

"पंधरा."

"आणि मला कधी..."

"तुम्ही मला दोन दिवस शिकवलंत," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पट्ट्याही काढल्या नाहीत. "पहिल्या दिवशी गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी बॅचसमोर करून दाखवलंत, मी कशी घाबरते ते. तिसऱ्या दिवशी मी आवळे मॅडमकडे गेले. त्यांच्या दारात नुसती पडून असलेली गाडी घेतली, माळावर नेली आणि पडत पडत शिकले. कुणी हसायला नव्हतं."

पप्पा यंत्राकडे वळले. त्यांनी यंत्रातून आईचा कागद उचलला आणि वाचू लागले. मला वाटलं आता भडका उडणार. पण कागद वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. ते स्कूलमधले घोलप सर झाले.

"वळणाच्या आधी वेग कमी... डावा आरसा, उजवा आरसा, मग मान..." ते पुटपुटले. "ट्रॅक्टरच्या मागे राहिलीस. ओव्हरटेक नाही. का?"

"त्याच्यापुढे काय आहे ते दिसत नव्हतं."

"दिसत नव्हतं," पप्पा म्हणाले. "बरोबर." आणि कागद घडी न घालता हातात धरून ठेवला.

पण साळुंखे मॅडमचा प्रश्न सुटला नव्हता. "जुळलं, ठीक आहे. पण यातून एवढंच कळतं की पोरीने आईकडून उचललं. बघून उचललं की आईने हातात हँडल दिलं, हे यंत्राला कळत नाही, आणि ताई, तुमच्याकडेच परवाना नाही, तर तुमचा शब्द मी कागदावर कसा घेऊ?" त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, तेरा पानं उलटली. "एक कलम आहे. निष्कर्ष आणि अर्जदाराचं म्हणणं जुळत नसेल तर निरीक्षकाने आवारात प्रत्यक्ष खात्री करावी. अजून कुणी मागितलं नव्हतं."

"म्हणजे मी चालवून दाखवायचं?"

"चालवता येत नाही ते दाखवायचं. आणि नाटक नको. बावीस वर्षं मी लोकांना पडताना बघतेय. खोटं पडणं मला लांबून ओळखू येतं."

आवारात पांढऱ्या पट्ट्यांनी आठचा आकडा काढलेला होता. पलीकडच्या कुंपणापाशी जप्त केलेल्या स्कूटर ओळीने उभ्या. कार्यालयाची पिवळी गाडी आणली. रांगेतले सगळे बाहेर आले, डिगाआप्पासुद्धा छत्री सोडून आले. आईने माझं हेल्मेट घट्ट केलं. पप्पा कानाशी येऊन म्हणाले, "बाळा, जमू देऊ नकोस." आयुष्यभर जमव जमव म्हणणारा माणूस!

मी ठरवलं होतं की दोन हात जायचं आणि कलंडायचं. पण सीटवर बसले मात्र, आणि अंगात काहीतरी झालं. हँडल हातात आलं आणि मला सगळं माहीत होतं! वळण कुठे घ्यायचं, वजन कुठे टाकायचं, सगळं. आईची बारा वर्षं माझ्या मनगटांत होती. चाळीस माणसं बघत होती. परवाना, सातवड, कारलं, सगळं क्षणभर डोक्यातून पुसलं गेलं आणि मनात एकच आलं, की आता यांना दाखवतेच.

मी मूठ पिळली. गाडी सुटली. पहिला अर्धा आठ मी असा घेतला की कुणीतरी "अरे वा" म्हणालं, आणि साळुंखे मॅडमनी खिशातून शिक्क्याची डबी काढलेली मला दिसली.

मग वळणावर वेग जास्त झाला. ब्रेक लावायला हवा होता. आणि माझे हात, स्वतःहून, ब्रेक सोडून वर गेले आणि दोन्ही आरशांच्या दांड्या त्यांनी गच्च पकडल्या.

कारण माझ्या अंगाला ब्रेक म्हणजे तेच माहीत होतं. आईने ब्रेक लावला की पुढे उभं राहून मी आरशांच्या दांड्या पकडायच्या. लहानपणी वर्षानुवर्षं रोज हेच शिकले होते. मी ओरडले, "आई, ब्रेक!" आणि आई चाळीस फुटांवरून ओरडली, "तू लाव!" आणि मी दांड्या आणखी घट्ट पकडल्या. मूठ सुटल्यामुळे गाडीचा जोर ओसरत होता, पण कुंपण पोचायला तेवढा पुरला. पहिल्या जप्त स्कूटरला मी हलकीच टेकले. ती दुसरीवर कलंडली, दुसरी तिसरीवर, आणि अशा रीतीने अकरा स्कूटर एकामागून एक, अगदी सावकाश, नमस्कार घालत आडव्या झाल्या. मी शेवटी बसल्या जागीच डाव्या बाजूला कलंडले, दांड्या न सोडता.

आई धावत आली. मला लागलं नव्हतं. फक्त अभिमान चांगलाच खरचटला होता, आणि तो अजून दुखतोय.

साळुंखे मॅडम शांतपणे चालत आल्या. त्यांनी आडव्या स्कूटर मोजल्या. माझ्या मुठींकडे पाहिलं. त्यांत अजून आरशाच्या दांड्या होत्या. मग त्यांचा चेहरा, मी शपथ घेऊन सांगते, सूर्य उगवल्यासारखा झाला.

"हिला काहीही येत नाही!" त्या जोरात म्हणाल्या. "सहा आठवड्यांत पहिली! मंजूर!"

टाळ्या पडल्या. डिगाआप्पांनी शिट्टी वाजवली आणि आसपासच्या सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की ही पोरगी काल त्यांच्याकडे येऊन गेली होती. मागच्या रांगेतली पोरं मॅडमभोवती जमली, "मॅडम, आम्हालापण कलम, आम्हीपण पुढे उभे राहायचो!" मॅडम म्हणाल्या, "एकेक करून. आधी स्कूटर उचला."

मग आई म्हणाली, "माझाही अर्ज आहे."

तिने पिशवीतून कागद काढला. घडीवर घडी, पण फाडलेला नाही. मॅडमनी तो घेतला आणि तिच्याकडे बघितलं. मॅडमनाही स्कूटर चालवत रोज कार्यालयात यावं लागतं. वाड्यावस्त्यांचे रस्ते त्यांना माहीत होते.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खुर्चीने तर तुम्हाला येतं म्हणून सांगितलंय. पण आवारात काय होतं त्यावर मी लिहू शकते. एक चक्कर मारा. पाय टेकला, गाडी बंद पडली, काहीही झालं तरी चालेल. मी तशी फार बारकाईने बघणार नाहीये." आणि खरंच त्यांनी पाठ फिरवून चिंचेकडे बघायला सुरुवात केली.

आई गाडीवर बसली.

"आई, पाड!" मी कुजबुजले. "एकदाच पाड! आजच्या आज मिळेल!"

"वहिनी, नुसता पाय टेका!" डिगाआप्पा म्हणाले.

पप्पा तिच्या समोर उभे होते. आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. एवढी पंधरा वर्षं तिने येत नसल्याचं नाटक केलं होतं. अजून एक मिनिट करायचं होतं, बस.

तिने मूठ पिळली.

आठचा आकडा तिने पूर्ण घेतला. पांढऱ्या पट्टीला चाक लागलं नाही. मग उलट्या बाजूने घेतला. मग आणखी हळू, इतकी हळू की गाडी उभीच आहे असं वाटावं, आणि पाय एकदाही खाली आला नाही. तिने गाडी रेषेवर आणली आणि पप्पांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबवली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना कळलं होतं की ती नापास झालीय.

साळुंखे मॅडम वळल्या. त्यांनी पाठ फिरवली होती, पण पिवळ्या गाडीच्या आरशात त्यांना सगळं दिसलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. उसासा सोडून त्यांनी अर्जावर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "अर्जदारास वाहन उत्तम चालवता येते. सबब अर्ज एक वर्षासाठी नामंजूर." मग म्हणाल्या, "ताई, का हो?"

"नाही जमलं पाडायला," आई म्हणाली. "हे बघत होते."

आता वर्षभर लशींचा डबा घेऊन मागे बसायची पाळी तिची खरोखरच होती. आवळे मॅडमना तर गाडी येतच नाही, म्हणजे शिकून चालवणार मी. मी मनात हिशेब केला: सकाळी वाड्यावस्त्या, तिथून सातवड. लवकर उठावं लागेल. पण साडेचारला नाही.

पप्पा पुढे झाले. मला वाटलं ते मॅडमशी वाद घालणार. त्यांनी शर्टाच्या बाह्या नीट केल्या, घसा साफ केला.

"मॅडम, या नामंजुरीची एक प्रत मिळेल?"

"नामंजुरीची? ती कशाला, सर?"

"शिक्क्यासकट द्या," पप्पा म्हणाले. "स्कूलमध्ये भिंतीवर लावायचीय. पहिल्या दिवशी बॅचला दाखवायला काहीतरी लागतं."

आईने हेल्मेट काढलं आणि डबा खांद्याला लावला.

"मी चहा करते त्या खोलीत नको," ती म्हणाली. "फळ्याच्या वर लावा."